बाळंतिणीच्या खोलीतली हवा

आम्ही गाव सोडलं तेव्हा घरावरची कौलं चाळायचं काम निघालं होतं. इगतपुरीच्या पुढे घाटमाथ्यावर आमचं गाव. तिथे उन्हाळा सरत आला की हे काम सगळ्यांच्याच घरी निघतं. वर्षभरात सरकलेली, फुटलेली कौलं उतरवायची, झटकायची आणि पुन्हा एकावर एक बसवायची. बापू, म्हणजे माझे वडील, शिडीच्या पायथ्याशी उभे राहून वर कौलं देत होते आणि दारात टेम्पो उभा होता. टेम्पोत एक लोखंडी कपाट, ट्रंका, माझ्या पुस्तकांची पोती आणि कुसुमनं लग्नात आणलेली भांडी. कुसुम, माझी बायको, आधीच ड्रायव्हरशेजारी जाऊन बसली होती. नाशिकच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मला नोकरी लागली होती आणि तिला शहरात जायची माझ्याहून जास्त घाई होती. मी पाया पडलो. बापूंचे हात मातीनं भरलेले होते, म्हणून त्यांनी ते माझ्या डोक्याला न लावता वरच धरले. म्हणाले, "दाराला कडी-कुलूप नीट बघून घ्या. शहरात दार उघडं टाकून निजायचं नसतं."

मी मागे वळून पाहिलं तेव्हा घराचा निम्मा सांगाडा उघडा पडलेला होता आणि आतल्या खोल्यांत ऊन उतरलं होतं. आपलं घर असं वरून उघडं बघून मला उगाचच भीती वाटली. पुढे आयुष्यात ज्या भीतीनं मला घेरलं ती याच्या बरोबर उलट होती, हे तेव्हा कळायचं काही कारण नव्हतं.

त्या घराच्या भिंती कारवीच्या होत्या. कारवी म्हणजे डोंगरउतारावर उगवणारं, सरळ काठ्यांचं झुडूप. त्या काठ्यांचा कूड विणायचा आणि दोन्ही अंगांनी त्याला माती, शेण, भाताचा तूस कालवून लिंपायचं. पावसाच्या बाजूला खिडकी ठेवायची नाही. त्या अंगाला पेंढ्याचा आडोसा बांधायचा. आषाढात आमचं घर पावसाकडे पाठ करून बसलेल्या म्हशीसारखं दिसायचं. भिंती छपरापर्यंत पोचत नसत. वर सगळीकडून फट, आणि चुलीचा धूर त्या फटीतून, कौलांच्या सांध्यांतून झिरपत बाहेर जाई.

गाव सोडलेली माणसं अशा घरांबद्दल फार गोड लिहितात. मला तसं लिहिता येत नाही. धुरानं आईचे डोळे कायम लाल असत. पावसाळाभर गोधड्यांना कुबट वास येई, कुडात विंचू निघत, आणि दर सणाला सारवताना बायकांच्या कमरेचे काटे ढिले होत. कुसुमला त्या घरातून निघायची घाई का होती हे मला ठाऊक आहे. तुमच्यापैकी ज्यांच्या आया-बायकांनी तो शेणाचा पो हातानं ओढला असेल त्यांनाही ठाऊक असेल.

नाशिकला आधी सातपूरला पत्र्याची एक खोली भाड्यानं मिळाली. कारखान्यांच्या पाळ्या सुटल्या की समोरच्या रस्त्यावरून मोटारसायकलींचा लोंढा जाई आणि त्यामागून धूळ आत येई. मग काही वर्षांनी पाथर्डी फाट्याकडे फ्लॅट घेतला. तिसरा मजला, गुळगुळीत फरशी, सरकत्या काचांच्या खिडक्या, छताला पीओपी. कुसुम पहिल्या दिवशी सगळ्या खोल्यांतून अनवाणी हिंडली. फरशीवरून नुसतं ओलं फडकं फिरवलं की झालं, या गोष्टीचं तिला इतकं सुख झालं की ती संध्याकाळपर्यंत पुसतच राहिली. आमची मुलगी रेणू तेव्हा लहान होती. ती त्या ओल्या फरशीवर घसरगुंडी खेळत होती आणि कुसुम तिला रागवायची सोडून हसत होती.

आम्ही बापूंचं ऐकलं. आधी दार लावलं. मग डासांमुळे संध्याकाळी खिडक्या लावायला लागलो, मग धुळीमुळे दिवसाही. पाहुण्यांना खोली कमी पडते म्हणून बाल्कनीला काचा बसवून ती आत घेतली. सोसायटीत सगळ्यांनीच घेतली होती. मागची छोटी खोली डक्टकडे उघडायची. डक्ट म्हणजे इमारतीच्या पोटातला, सगळ्यांच्या संडास-बाथरूमचे पाइप जिथून जातात तो अंधारा बोळ. तिकडची खिडकी आम्ही कायमचीच बंद केली. त्या खोलीच्या भिंतीला ओल यायची. कुसुम दर दिवाळीला तिथे धुता येण्याजोगा चकचकीत प्लास्टिक रंग देऊन घ्यायची आणि पुढे कपाट लावायची.

तिचा खोकला कधी सुरू झाला ते सांगता येणार नाही. घरातल्या बाईचा खोकला घराच्या आवाजांत मिसळून जातो. हिवाळ्यात वाढे, उन्हाळ्यात कमी होई. मग उन्हाळ्यातही कमी होईना. डॉक्टरांनी फुप्फुसांच्या आजाराचं नाव सांगितलं. शेवटच्या वर्षी ती त्याच मागच्या खोलीत असायची, कारण तिथे रस्त्याचा आवाज येत नाही. उशांना टेकून बसलेली. एकदा मला म्हणाली, "अहो, या खोलीत कुणी आधीच श्वास घेऊन ठेवलाय असं वाटतं." मी तिच्या पाठीवरून हात फिरवला. दोन हिवाळ्यांपूर्वी ती गेली.

दिवस झाल्यावर खोली रिकामी करताना कपाट सरकवलं. मागची भिंत कपाटाच्या उंचीइतकी काळी होती. बुरशी. बोट लावलं तर रंगाचा पापुद्रा मऊ सालीसारखा सुटून आला.

या घरामुळे ती गेली असं मी म्हणू शकत नाही. डॉक्टरांनी घराचं नाव कधी घेतलं नाही. चुलीपुढे गेलेली तिची लहानपणची वर्षं होती, सातपूरची धूळ होती. पण त्या दिवसापासून मला माझ्याच घराची भीती वाटायला लागली. संध्याकाळी कुलूप काढताना आत कुणी श्वास रोखून बसलंय असं वाटायचं. माझ्यासारखा माणूस घाबरला की वाचतो. घरं कशी बांधावीत यावर ग्रंथालयात जे काही होतं ते मी वाचून काढलं. ओल कुठून चढते, रंगातून काय उडतं, बंद खोलीत झोपलेल्या माणसांच्या श्वासानं हवा कशी जड होते. वाचून भीती कमी होत नाही. तिला नुसती नावं मिळतात.

अशातच रेणूचा पुण्याहून फोन आला. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण ज्या मुलीला आई नाही तिचं माहेर कुठलं? तिच्या सासूबाई समजूतदार आहेत, त्यांनी तिथेच राहा म्हणून सुचवलंही होतं. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानले. रेणूला लहानपणापासून थंडीत दमा उठतो, आणि बाळ नेमकं थंडीतच येणार होतं. इथे येऊ नकोस, हे शब्द माझ्या तोंडाशी आले होते. तेवढ्यात ती म्हणाली, "बाबा, मला आईच्या घरी यायचंय." मग मी ये म्हटलं.

आमच्या ग्रंथालयात वास्तुरचना शिकवणाऱ्या एक बाई येत. त्यांना मी घराबद्दल भीत भीत विचारलं. त्या एका रविवारी घरी आल्या, उदबत्ती पेटवून प्रत्येक खोलीत थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि धूर कुठे जातो ते बघत बसल्या. मागच्या खोलीत तो कुठेच गेला नाही. त्यांनी सुचवलं ते सगळं साधं होतं. बाल्कनी पुन्हा मोकळी करा. प्लास्टिक रंग खरवडून भिंती सुकू द्या आणि चुना लावा. ओल येते तो पाइप आधी बदला. बाळंतिणीसाठी डक्टकडची खोली नको, पूर्वेची घ्या. आणि त्या खोलीत खिडकीसमोरच्या भिंतीला, छताच्या अगदी खाली, बाहेरच्या अंगाला उघडणारी एक आडवी जाळी बसवा. हवा खालून आली तर वरून जायला तिला वाट हवी.

गवंडी लागले तेव्हा सोसायटीचे सेक्रेटरी वर आले. "सदाशिवराव, लोक गॅलऱ्या आत घेतात, तुम्ही बाहेर काढताय," म्हणाले. मग जाळीसाठी पाडलेलं भोक बघून हसले आणि चिमण्यांना भाड्यानं देणार का म्हणून विचारलं. मी हसलो. पाइप बदलला, भिंती सुकल्या, चुन्याचा वास घरभर पसरला. पूर्वेच्या खोलीत उभं राहिलं की मानेवर हवेचा बारीक स्पर्श कळायचा. कुसुम गेल्यावर पहिल्यांदाच त्या घरात मी पूर्ण श्वास घेतला असेन.

बाळंतपण करायला गावाहून आक्का आली. आक्का माझी थोरली बहीण. तरुणपणीच नवरा गेला, तेव्हापासून ती माहेरीच राहिली. तिच्या स्वतःच्या दत्तूचा जन्मही आमच्या त्या कारवीच्या घरातल्या अंधाऱ्या खोलीत झालेला. गावातल्या कितीतरी लेकी-सुनांची बाळंतपणं तिच्या हातची. ती आली ती अळीव, डिंक, बाळंतशेपा आणि जुनी लोखंडी शेगडी घेऊन. कोळशाची गोणी रिक्षावाल्याच्या डोक्यावर. मी तिला हौसेनं सगळं घर दाखवलं. जाळीपाशी ती थांबली, वर बघितलं.

"पैसं देऊन भोकं पाडून घेतलीस व्हय रं?" ती म्हणाली. "आपल्याकडं फुकटात व्हती."

रेणू पोट धरून हसली. आई गेल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

मुलगी झाली. दवाखान्यातून घरी आल्यावर पूर्वेची खोली आक्काच्या ताब्यात गेली आणि रीतीप्रमाणे माझ्यासाठी बंद झाली. सोयर होतं. बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं पाऊल ठेवायचं नाही, बाळ दारातून बघायचं. आत आक्काचं राज्य. तेलमालिश, कढत पाण्याची आंघोळ, मग ओवा-शेपाची धुरी, मग शेगडीचा शेक. मी हॉलमध्ये पुस्तक उघडून बसायचो आणि कान तिकडे लावायचो. बाळाचं रडणं ऐकू आलं की मला बरं वाटे. रडणं म्हणजे हवा.

पाचवी पुजली त्याच्या दुसऱ्या दिवशीची गोष्ट. थंडी वाढली होती. सकाळची कामं उरकून आक्कानं नेहमीसारखी शेगडी आत नेली आणि दार ओढून घेतलं. थोड्या वेळानं ओव्याचा वास आला, मग तोही विरला. बाळ दोनदा कुरकुरलं आणि शांत झालं. मी वाचत होतो. काही पानं उलटल्यावर मला जाणवलं, आत फारच शांत आहे. बाळंतीण झोपते, बाळ झोपतं, त्यात नवल नाही. पण आक्का दुपारी झोपत नाही. ती आत असली की भांडं वाजतं, पुटपुटणं चालतं, काहीतरी निवडणं, पाखडणं.

मी दाराबाहेरून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. रीतीनं दाराला हात लावायचा नव्हता. रेणू अर्ध्या कपड्यांत असेल, आक्का तोंड सोडेल, हे सगळं मनात येऊन गेलं. मग आतून आक्काचा आवाज आला. दारू प्यायलेल्या माणसासारखा जड.

"सदा... डोस्कं लय जड झालंय रं."

मी दार ढकललं. आत धूर अजिबात नव्हता. खोली उबदार, नीटनेटकी. पलंगाशेजारी शेगडीत लालभडक निखारे. खिडकी बंद. आणि वर, जाळीच्या जागी, घडी घालून गच्च कोंबलेली गोधडी. आक्का भिंतीला टेकून फरशीवर बसली होती, उठायचा प्रयत्न करत होती आणि तिला उठता येत नव्हतं. रेणूनं डोळे उघडले, पण मान उचलली नाही. बाळ तिच्या कुशीत होतं. मी त्याला उचललं तेव्हा ते माझ्या हातावर ओल्या कपड्यासारखं लोंबलं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. बाळाला घेऊन मी बाल्कनीत पळालो एवढं खरं. ती मोकळी बाल्कनी, जिला सगळे हसले होते. तिथल्या थंड हवेत मी त्या मुलीला छातीशी उभं धरलं आणि तिच्या पाठीवर चापट्या मारत राहिलो. शेजारी धावत आले. कुणी रेणूला ओढत आणलं, कुणी आक्काला, कुणी शेगडीवर पाणी ओतलं. बाळ किती वेळ गप्प होतं? मला माहीत नाही. मला तो वेळ फार मोठा वाटला, पण भीतीत वेळ मोजायचं भान कुणाला असतं. मग तिनं एक उचकी दिली आणि मांजराच्या पिल्लासारखा बारीक आवाज काढला.

दवाखान्यात तिघींना ऑक्सिजन लावला. डॉक्टर तरुण होते. त्यांनी शांतपणे समजावलं की जळत्या कोळशातून एक वायू निघतो, त्याला वास नाही, रंग नाही. धूर संपला की माणसाला वाटतं आता धोका नाही. खरा धोका तेव्हाच असतो. थंडीत अशा केसेस येतात म्हणाले. बाळ वाचेल का, हे मी विचारू शकलो नाही. त्यांनीच संध्याकाळी येऊन सांगितलं की धोका टळलाय, पण दोन-तीन दिवस इथेच ठेवू.

आक्काला लवकर सोडलं. ती वॉर्डाबाहेरच्या बाकावर पदर तोंडाला लावून बसली. रेणूचा नवरा पुण्याहून आला होता, तो आक्काकडे बघत नव्हता. मी तिच्याशेजारी जाऊन बसलो. तीच बोलली.

"पोरीला वारं लागंल म्हून बुजवलं रं. जल्मभर हेच केलं. दार लाव, खिडकी लाव, शेक दे. आपल्या घरात समदं लावलं तरी कौलातनं जायचं. हितं म्या बुजवलं, आन् खरंच बुजलं."

मला तिचा राग आला होता आणि तो कुठे ठेवावा हे कळत नव्हतं. तिनं जे केलं ते तिच्या आईनं, आजीनं केलेलंच होतं, आणि त्या घरात त्यानं कुणी मेलं नव्हतं. खोली बंद करायची ही रीत ज्या घरांत तयार झाली ती घरं कधी पूर्ण बंद होतच नसत. आम्ही घरं बदलली आणि रीत तशीच उचलून आणली. शेगडी गावाहून आली, पण वरची फट कुणी आणली नाही. मी आणली होती, तर तिला गोधडी लागली.

रेणूला सोडायच्या दिवशी जावई म्हणाले, थेट पुण्याला नेतो. बरोबर होतं त्यांचं. आक्का म्हणाली, गावाकडं न्या, तिथं मोकळं हाय. मी तिला आठवण करून दिली की दत्तूनं मागच्याच वर्षी ते घर पाडून स्लॅबचं बांधलंय, सरकत्या खिडक्यांचं, अगदी आमच्यासारखं. ती माझ्याकडे बघतच राहिली. तिचं स्वतःचं राहतं घर, पण त्या घटकेला तिच्या मनात कारवीचंच उभं होतं. मला वाटतं, आम्हा दोघांचंही गाव खऱ्या अर्थानं त्या दवाखान्याच्या पायरीवर सुटलं. परत जाण्यासारखी जागा उरलेली नव्हती.

रेणूच म्हणाली, "बाबा, घरी चला."

घरी आल्यावर आक्का स्टुलावर चढली. मी धरतो म्हटलं तर नको म्हणाली. तिनं गोधडी ओढून काढली, खाली फेकली आणि तशीच वर उभी राहून जाळीपाशी तळहात धरून राहिली, हवा लागते का बघत. मग खोलीच्या दारात उभ्या असलेल्या मला म्हणाली, "ये आत. सोयर-बियर ऱ्हाऊ दे. तू हितंच बस." बारशापर्यंत मी त्या खोलीत खुर्ची टाकून बसलो. जावई चार दिवस राहिले, मग विश्वासानं गेले. आक्का रेणूला गरम पाण्याच्या पिशवीनं शेकायची आणि मी नातीच्या पोटाकडे बघत असायचो, वर होतंय, खाली होतंय.

आक्का आता गावी असते. दत्तू सांगतो, तिनं स्लॅबच्या दोन्ही खोल्यांना वर छतालगत भोकं पाडायला लावली आणि गवंड्याला दम भरला की जाळी अशी बसव की कुणाला बुजवता येणार नाही, मला बी नाय. कुठे बाळंतीण असली की ती बघायला जाते, पण बाळाकडे नंतर बघते. आधी शेगडी उचलून बाहेर ओट्यावर आणते. नव्या सुना तिला हसतात. तिला त्याचं काही वाटत नाही.

माझी भीती गेलेली नाही, जाईल असंही वाटत नाही. डॉक्टर म्हणतात नात ठणठणीत आहे. तरी ती जरा जास्त वेळ झोपली की माझा जीव थाऱ्यावर राहत नाही. ती पुण्यात, मी इथे. तुमच्यापैकी जे गावातून दूर दूर गेलात, कुणी सुरतेला, कुणी दुबईला, तुम्ही मला विचारता, सदा, आता तुझं घर कुठलं? गावचं, नाशिकचं, की मुलीचं? मी यावर बरीच वर्षं काहीतरी पुस्तकी उत्तर देत आलो. आता एवढंच सांगता येतं. रोज संध्याकाळी मी रेणूला फोन करतो. ती बाळ झोपलंय म्हणते. मी विचारतो, खिडकी? ती म्हणते, उघडी आहे, बाबा. त्या वेळी मी कुठेही असो, बसस्टॉपवर, ग्रंथालयात, तेवढ्यापुरता मी घरी असतो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारावं लागतं.